टॉक्सापेक्स घेऊन १५०० पर्यंत

शोडाउन या पोकेमॉनच्या ऑनलाइन लढायांच्या साइटवर रेटिंगचं लॅडर, म्हणजे चढत जायची शिडी, असतं. तिथं बहुतेक जण मारणारे पोकेमॉन घेऊन येतात. पहिल्या टर्नला, म्हणजे पाळीला, ड्रॅगन डान्स करून अटॅक आणि वेग वाढवायचा, दुसऱ्या टर्नपासून मारामारी, पाच-सात मिनिटांत निकाल. मला त्यात फारसा रस वाटत नाही. यंदाचा पावसाळाभर मी टॉक्सापेक्स हा मार झेलणारा पोकेमॉन घेऊन खेळले आणि ओयू या तिथल्या मुख्य गटात १५०० रेटिंग ओलांडलं. ते कसं केलंस, असं मिरजेच्या मावसभावानं इतक्यांदा विचारलंय की एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघते. उन्हाळ्यात सौदे जोरात असतात तेव्हा घरी येऊन नुसतं जेवायचं आणि झोपायचं. पाऊस लागला की यार्ड थंडावतं आणि रात्री माझ्या असतात. निन्टेन्डोचं स्विच हे गेमयंत्र विकत घेणं परवडणारं नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. पोकेमॉन शोडाउन ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि पोकेमॉन पकडत, वाढवत बसावं लागत नाही. टीमबिल्डरमध्ये नाव टाकायचं, आकडे भरायचे, की लढायला तयार. जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट एवढ्यावर भागलं. हॉटस्पॉट ऐन वेळी गेला की टायमर संपून सामना जातो, ते सोसायची तयारी ठेवावी लागते.

आता पेक्सबद्दल, म्हणजे टॉक्सापेक्सबद्दल. हा पोकेमॉन २०१६ च्या सन आणि मून या गेममध्ये आला. विष आणि पाणी असे त्याचे दोन टाइप; कोणता मार जास्त लागतो आणि कोणता कमी, ते टाइपवरून ठरतं. बेस आकडे बघितले की हसू येतं: एचपी ५०, डिफेन्स १५२, स्पेशल डिफेन्स १४२, स्पीड ३५. म्हणजे जीव एवढासा आणि कवच एवढं मोठं. ईव्ही म्हणजे आपण वाटून द्यायचे जादा गुण; त्यातले मी २५२ एचपीत आणि २५२ डिफेन्समध्ये टाकले, नेचर बोल्ड, जो डिफेन्स वाढवतो. लेव्हल १०० ला एचपी ३०४ होतो, डिफेन्स ४४३ आणि स्पेशल डिफेन्स काही न घालता ३२०. अटॅकचा आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण, शून्य ठेवला, कारण फाउल प्लेसारख्या चालीत आपलाच अटॅक आपल्यावर उलटतो.

खरी गंमत त्याच्या रिजनरेटर या हिडन अबिलिटीत, म्हणजे अंगच्या खास गुणात आहे. मैदानातून बाहेर गेला की एकूण एचपीच्या एक तृतीयांश परत मिळतो, म्हणजे पेक्सला १०१. नाइट शेड आणि सिस्मिक टॉस या चाली समोरच्याचं कवच न बघता लेव्हलइतकं, म्हणजे सरळ १०० नुकसान करतात. एवढ्याशा एचपीवर तो मोठा घाव, पण एकदा बाहेर जाऊन आलं की तो जवळपास पुसला जातो. हे आकडे कागदावर मांडले तेव्हाच मला ह्या पोकेमॉनचा स्वभाव कळला. पेक्स मैदानात जितका वेळ असतो, त्याहून तो कितीदा आत-बाहेर करतो ते महत्त्वाचं. लोक त्याला भिंत म्हणतात आणि समोर उभा करून मार खायला लावतात. मग एचपी भरून काढणारी रिकव्हर ही चाल आठ वेळा वापरून संपली की तक्रार करतात.

आठच. गेमच्या आधीच्या पिढीत रिकव्हरचा पीपी, म्हणजे चाल कितीदा वापरता येते तो आकडा, जास्तीत जास्त १६ पर्यंत जायचा. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये तो निम्मा केला. शिवाय पेक्सची स्काल्ड गेली, जिनं पाण्याचा मार देता देता ३० टक्के वेळा समोरच्याला भाजायचं. समोरच्याचा आयटम पाडणारी नॉक ऑफही गेली. त्यामुळे या पिढीत पेक्सचा दरारा उतरला, आणि मला वाटतं म्हणूनच समोरचे त्याला हलक्यात घेतात.

माझ्या चार चाली अशा होत्या: रिकव्हर, वाढवलेले स्टॅट (आकडे) पुसणारी हेझ, विष चढवणारी टॉक्सिक आणि पाण्याचा मार देणारी सर्फ. चौथ्या जागी बेनफुल बंकर घ्यावी की सर्फ, यावर मावसभावाशी बराच वाद झाला. बंकर स्वतःला वाचवते आणि हात लावणाऱ्याला विषही चढवते. पण कोणी टॉन्ट मारलं की तीन टर्न मार न देणाऱ्या चाली वापरता येत नाहीत. अशा वेळी सर्फ नसेल तर पेक्स नुसता बघत बसतो. सोबतचा आयटम हेवी-ड्यूटी बूट्स, त्यामुळे मैदानात पसरलेल्या सापळ्यांचा मार लागत नाही. ज्याला सारखं आत-बाहेर करायचंय, त्यानं दर वेळी स्टेल्थ रॉकचे साडेबारा टक्के देत बसणं म्हणजे रिजनरेटरची कमाई वाटेतच घालवणं.

टॉक्सिकचा हिशेब मला आवडतो. पहिल्या टर्नला एक सोळांश, मग दोन, मग तीन, असं वाढत जातं. पाच टर्नमध्ये पंधरा सोळांश जातात आणि सहाव्याला खेळ खलास. विषाच्या टाइपनं मारलेलं टॉक्सिक कधी चुकत नाही. पण समोरचा बाहेर गेला की मोजणी परत एकपासून. म्हणून तो बाहेर पडेल तेव्हा परत येताना त्याच्या पायाखाली काहीतरी असलं पाहिजे. त्यासाठी टिंग-लू घेतला, जो स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्स दोन्ही पसरतो. स्पाइक्सचे तीन थर लागले की जमिनीवरून येणाऱ्याचा पाव एचपी दर वेळी जातो. विष नको म्हणून बाहेर पळायचं आणि परत येताना काटे तुडवायचे, अशी त्याची गोची.

जोडीदार निवडताना मी एकच बघितलं: पेक्सला ज्याची भीती, ते दुसऱ्याला लागू नये. पेक्सला जमीन, वीज आणि सायकिक टाइपचा मार दुप्पट लागतो. ग्लायस्कॉरला जमीन आणि वीज लागतच नाही. उलट ग्लायस्कॉर फक्त बर्फ आणि पाण्याला घाबरतो, बर्फाचा घाव तर चौपट, आणि हे दोन्ही पेक्स निम्म्यावर झेलतो. टिंग-लूला सायकिक आणि वीज लागत नाही. त्याच्या सहा कमजोऱ्यांपैकी गवत सोडलं तर बाकी पाच पेक्स निम्म्यावर घेतो. हे जुळलेलं बघून मला जो आनंद झाला, तो ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळल्यावरही होत नाही. ग्लायस्कॉरला टॉक्सिक ऑर्ब द्यायचा, जो त्याला स्वतःलाच विष चढवतो. पॉयझन हील अबिलिटीमुळे विषानं त्याचा एचपी वाढतो, आणि एकदा विष चढलं की ऑर्ब हिसकावून नेला तरी बिघडत नाही. २०२३ च्या टील मास्क या गेमच्या जोडभागासोबत तो या पिढीत परत आला, नाहीतर ही टीम अशी उभीच राहिली नसती. उरलेल्या तीन जागी कॉर्विनाइट, ब्लिसी आणि डोन्डोझो. ब्लिसीचं काम स्पेशल मार झेलायचं. डोन्डोझोची अबिलिटी अनअवेअर असल्यामुळे समोरच्यानं कितीही स्टॅट वाढवले तरी त्याच्या हिशेबी ते नसतातच.

लॅडर १००० ला सुरू होतं आणि त्याखाली जात नाही. सुरुवातीचा भाग लवकर गेला. तिथं गायराडोस येतो, पेक्ससमोर निवांत तीनदा ड्रॅगन डान्स करतो, आपण एक हेझ मारली की तिन्ही पाण्यात. मग त्याला टॉक्सिक. चॅटमध्ये शिव्या येतात, काही जण अर्ध्यातच सामना सोडून देतात. मी चॅट बंद करून टाकलं.

पेक्सचा स्पीड ३५ आहे याची मला कधी खंत वाटली नाही. समोरच्यानं अटॅक वाढवणारा स्वोर्ड्स डान्स केला आणि त्याच टर्नला मी हेझ दिली, तर तो आधी नाचतो आणि हेझ नंतर लागते. नाच फुकट. वेगवान पोकेमॉननं हेझ मारली असती तर आधी काहीच पुसायला नसतं आणि नाच तसाच राहिला असता.

खरी ओढाताण १३०० च्या पुढे. इथले लोक सामन्याआधी दिसणारा टीम प्रिव्ह्यू बघूनच ओळखतात की समोर स्टॉल, म्हणजे झेलत झेलत दमवणारी टीम, आहे. पेक्स आत आला की ग्रेट टस्क आणतात, जमिनीचा मार तयार. इथं मी पेक्सला एक टर्नही थांबू दिलं नाही. टस्क येणार असं वाटलं की त्याच टर्नला ग्लायस्कॉर. नेहमी जमायचं नाही, पण अंदाज चुकला तरी रिजनरेटर हातात होताच. गॅलेरियन स्लोकिंगचं फ्यूचर साइट मात्र डोकं खातं. सायकिकचा मार दोन टर्न उशिरा पडतो, आणि तो पडायच्या नेमक्या टर्नला समोर असा कोणीतरी आणून ठेवतात की पेक्सशिवाय त्याला कोणी झेलू नये. त्या टर्नला मैदानात टिंग-लू असला पाहिजे, हे दोन टर्न आधीपासून जुळवत आणावं लागतं.

आणि किंगँबिट. शेवटी राखून ठेवलेला किंगँबिट म्हणजे स्टॉल खेळणाऱ्याची परीक्षा. पोलादाचा, म्हणून विष चढत नाही. सुप्रीम ओव्हरलॉर्ड या अबिलिटीमुळे पडलेल्या प्रत्येक साथीदारामागे त्याचा मार १० टक्क्यांनी वाढतो, आणि हा स्टॅट बदल नसल्यामुळे हेझनं जात नाही, डोन्डोझोच्या अनअवेअरलाही जुमानत नाही. म्हणून किंगँबिट दिसला की मी बाकीच्यांना पाडायची घाई करत नाही. आधी त्याला दोन-तीनदा आत यायला लावायचं आणि स्पाइक्सवर चालवायचं. साथीदार नंतर.

१५०० ओलांडलं तो सामना असाच शेवटी किंगँबिटवर आला. रात्र बरीच झालेली, बाहेर धो धो पाऊस. आम्ही गावभागात राहतो. कोयनेतून विसर्ग वाढला की फोनवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे मेसेज सुरू होतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या रात्री पाणी इशाऱ्याच्या बरंच खाली होतं, तरी काका जागेच होते. माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून भडंग खात बसलेले. काका तरुणपणी तालमीत जायचे. बराच वेळ बघून म्हणाले, "आगं, ही कुस्ती हाय का नुसती खडाखडी? पकड कवा धरणार?"

"काका, त्याचा दम मोजतीये," मी म्हटलं. त्यांना ते पटलं. मग तेही मोजायला लागले.

माझे पेक्स आणि कॉर्विनाइट उरले होते, त्याचा एकटा किंगँबिट, पाच साथीदार पडलेले, म्हणजे मार दीडपट. टेरा, म्हणजे सामन्यात एकदाच टाइप बदलायची मुभा, त्यानं आधीच ग्रेट टस्कवर खर्च केलेलं. त्यानं पेक्ससमोर स्वोर्ड्स डान्स केला, माझी हेझ मागून लागली. परत केला, परत हेझ. हेझचा पीपी ४८ असतो, त्यामुळे मला काळजी नव्हती. तिसऱ्या खेपेला तो नाचेल असं धरून मी कॉर्विनाइट आणला. तो नाचला नाही, काउटाव क्लीव्ह मारली. कॉर्विनाइट अर्ध्याखाली गेला.

आता कॉर्विनाइटकडे बॉडी प्रेस ही लढाऊ टाइपची चाल होती. अंधार आणि पोलाद या जोडीला लढाऊ मार चौपट लागतो, आणि स्पाइक्सनं आधीच झिजलेला किंगँबिट त्यात जाणार हे नक्की. कॉर्विनाइट वेगानंही पुढे. पण किंगँबिटची सकर पंच कोणाच्याही आधी लागते, समोरचा मारायला निघाला असेल तरच. मी मारलं तर मेले, न मारता रूस्ट करून एचपी भरला तर त्याची सकर पंच हवेत. आणि त्यानं सकर पंच सोडून दुसरं काही केलं आणि त्याच टर्नला मी बॉडी प्रेस दिली, तर तो मेला. म्हणजे त्याला दर टर्नला सकर पंचच मारणं भाग होतं.

सकर पंचचा पीपी आठ. माझ्या कॉर्विनाइटची अबिलिटी प्रेशर, तिच्यामुळे प्रत्येक चालीला दोन पीपी जातात. म्हणजे चारच. टीम बनवताना बरेच जण इथं मिरर आर्मर घेतात, मी मुद्दाम प्रेशर घेतलं होतं ते असल्याच शेवटांसाठी.

रूस्ट. त्याची सकर पंच फुकट, माझा एचपी वर. परत रूस्ट, परत तेच. त्याच्या पोकेमॉनवर माउस नेला की वापरलेल्या चाली आणि उरलेला पीपी दिसतो. काका वाकून बघत होते. "दोन ऱ्हायल्या," ते म्हणाले. मग "एक." चौथ्या रूस्टनंतर तो टायमर संपत येईपर्यंत थांबला. मी बॉडी प्रेस दाबली. यावेळी आधी लागायला त्याच्याकडे काही नव्हतं.

रेटिंग १५०० च्या थोडं वर गेलं. काका म्हणाले, "हां, आता कुस्ती झाली," आणि उरलेलं भडंग घेऊन झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी रात्री खेळून मी परत १४०० च्या घरात आले, ते वेगळं. लॅडर असंच वरखाली होतं.

मावसभावाला टीम पाठवली आहे. त्यानं आल्या आल्या टिंग-लू काढून एक मारणारा पोकेमॉन घातला, म्हणे "ताई, फारच वेळ लागतो गं." मी विचारलं, मग स्पाइक्स कोण टाकणार आणि फ्यूचर साइट कोण खाणार? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. रेटिंगही विचारलं होतं, तेही सांगत नाही.