पित्त म्हणण्याआधी बीपी मोजा

आठव्या महिन्यात रात्री उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, की घरात पहिलं नाव निघतं पित्ताचं. पॅन्टोप्राझोलची गोळी होते, अर्धा कप थंड दूध होतं आणि 'सकाळी बघू' असं ठरतं. बऱ्याचदा ते खरंच पित्त असतं. पण प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून बाकीचे अवयवही दुखावणाऱ्या आजारात, यकृताला सूज येऊन त्याच्या आवरणावर ताण पडतो, तेव्हाही दुखतं ते अगदी तिथेच. नुसत्या दुखण्यावरून दोन्हींतला फरक घरात कुणालाच कळणार नाही. बीपी मोजायला पाच मिनिटं लागतात. ती आधी द्या, गोळी नंतर.

हा आजार सुरू होतो वारेत. गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या पहिल्या काही महिन्यांत रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा होत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. म्हणून एकाच वेळी बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, यकृत दुखावतं, प्लेटलेट घटतात आणि मेंदूला सूज येऊ शकते. 'टेन्शन घेतलं म्हणून झालं', 'लोणचं फार खाल्लं' असं तिला ऐकवणारे घरोघरी भेटतात. तिची यात काहीही चूक नसते, हे नवऱ्याने आणि सासूबाईंनी तिच्यासमोर स्पष्ट म्हणावं. मीठ पूर्ण तोडून किंवा दिवसभर झोपवून ठेवून हा आजार थांबत नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

आता मोजण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लघवीला जाऊन यायचं, चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, पाठ टेकवून खुर्चीत पाच मिनिटं शांत बसायचं. पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवरून नाही, आणि त्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवायची. हात टेबलावर हृदयाच्या पातळीत हवा. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहायचे. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने आकडा खोटा जास्त येतो. याच्या उलट चूक वॉर्डात होते. बाई डाव्या कुशीवर झोपलेली असते आणि वरच्या, म्हणजे उजव्या दंडावर मोजतात. तो हात हृदयापेक्षा उंच असतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो आणि 'बीपी उतरलं' म्हणून सगळे निश्चिंत होतात. मनगटावरची मशीन यासाठी घेऊ नका.

विसाव्या आठवड्यानंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं आणि तसाच राहिला तर निघायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. डोकं असं दुखतंय की पॅरासिटामॉलने उतरत नाही, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी येते, वरच्या पोटात दुखतंय, दम लागतोय, बाळाची हालचाल कमी झाली, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, थांबायचं नाही. काहीजणींत बीपी फार चढलेलं नसतानाही प्लेटलेट एक लाखाच्या खाली जातात आणि यकृताच्या तपासण्या बिघडतात. पायांना 'पाणी उतरलं' हे बऱ्याच निरोगी गरोदर बायकांतही दिसतं. चेहरा आणि हात अचानक सुजले, अंगठी निघेना, तर मात्र लक्ष द्या.

लघवीची पट्टी स्वस्त असते. प्रोटीनचा चौकोन मुळात पिवळा असतो, प्रोटीन असेल तर हिरवट होतो. जितका गडद हिरवा तितकं जास्त. लघवी मधल्या धारेची घ्यायची आणि डबीवर दिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा, उशीर झाला की वाचन चुकतं. पट्टी कोरी आली म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही.

औषधांत लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मेथिलडोपा ही नेहमीची नावं. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं आणि मेंदूतल्या रक्तस्रावापासून बचाव होतो, पण वारेचा बिघाड आत चालूच असतो. आकडा १३०/८० आला म्हणजे ती बरी झाली असं नाही. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी ठरल्या वेळी करायच्याच. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची जुनी सवय अजून कुठे दिसली तर नको म्हणा. बीपी एकदम कोसळतं आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. आधीपासून बीपी असलेल्या बऱ्याच जणी टेल्मिसार्टन घेत असतात. 'सार्टन' आणि 'प्रिल'ने संपणारी औषधं गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. पाळी चुकली की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. मनाने नुसती बंद करू नका.

हा आजार वाढून झटके आले तर घरात कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावतात, दातांत चमचा घालतात. काहीच घालू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू काढा, १०८ ला फोन करा. झटका साधारण मिनिटभराने थांबतो, पण पुढचा येऊ शकतो. इथे जीव वाचवणारं औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आणि खूप जुनं. १९९५ च्या मोठ्या चाचणीत ते झटक्यांवरच्या डायझेपाम आणि फेनिटॉइन या औषधांपेक्षा सरस ठरलं, आणि २००२ च्या मॅगपाय चाचणीत प्रीएक्लॅम्प्सियाच्या बायकांत झटक्यांचा धोका त्याने निम्म्यावर आणला. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी नर्सताई पहिला डोस १० ग्रॅम देऊ शकते: दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांच्या द्रावणाचे १०-१० मिलिलिटर. खूप दुखतं आणि अंगभर गरम वाफ आल्यासारखं वाटतं, हे तिला आधी सांगा, नाहीतर ती घाबरते. पुढच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघतात: गुडघ्याखाली हातोडीने हलकं मारल्यावर पाय उडतो का, मिनिटाला श्वास किमान १६ आहेत का, आणि तासाला लघवी ३० मिलिलिटर होते का. औषध जास्त झालं की आधी पायाचं उडणं थांबतं, मग श्वास मंदावतो, म्हणून गुडघा आधी तपासायचा. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर उशाशी तयार असावेत.

प्रसूती कधी करायची हे आजाराच्या तीव्रतेवर ठरतं. सौम्य असेल तर ३७ आठवडे, तीव्र असेल तर ३४, आणि आईचा जीव धोक्यात असेल तर त्याही आधी. ३४ च्या आधीची शक्यता दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं वेळेत मिळायला हवीत. लवकर जन्मलेल्या बाळाला सांभाळणारा कक्ष ज्या दवाखान्यात आहे, तिथेच जाणं शहाणपणाचं. सातव्या महिन्यात माहेरी जाणार असाल तर फाईल, सगळे रिपोर्ट आणि बीपीची वही ओटीच्या साडीआधी पिशवीत जायला हवी, आणि माहेरच्या डॉक्टरांची पहिली भेट पोहोचल्यावर दोन दिवसांत.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. वार बाहेर आली की आजाराचं मूळ गेलं, पण शरीर लगेच सावरत नाही. बीपी बहुतेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. शेक, मालिश, बाळाची अंघोळ सगळ्याला वेळ असतो, आणि बीपीची मशीन कपाटात असते. पहिले दहा दिवस रोज मोजा. डोकं दुखलं की 'सिझेरियनला कमरेत इंजेक्शन दिलं होतं ना' असं म्हणून सोडून देऊ नका. त्या इंजेक्शनची डोकेदुखी बसल्यावर वाढते आणि आडवं झालं की कमी होते. तरीसुद्धा आधी आकडा बघा. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी मेथिलअर्गोमेट्रिन सर्रास वापरतात, पण त्याने बीपी उसळतं, म्हणून या बाईच्या केसपेपरवर ठळक नोंद हवी. लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल घेत अंगावर पाजता येतं. गरोदरपणात वर्ज्य असलेलं एनालाप्रिल आता चालतं, यात विसंगती नाही. तेव्हा धोका पोटातल्या बाळाला होता.

डिस्चार्ज कार्डावर 'बीपी वाढलं होतं' एवढंच नको; प्रीएक्लॅम्प्सिया हा शब्द, सर्वांत जास्त आलेला आकडा आणि कितव्या आठवड्यात सुरू झालं हे लिहून घ्या. पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याच्या सुमारास अ‍ॅस्पिरिन सुरू करायचं का, हे त्यावरून ठरतं. १५० मिलिग्रॅम, रात्री झोपताना, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, असा सध्याचा प्रघात आहे. कॅल्शियमही लागेल, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.