टीप आणि जपमाळ

आमची वारी लांबची नाही. सदरच्या कॅथेड्रलपासून निघायचं, राजभवनाच्या भिंतीकडेनं जपानी गार्डन गाठायचं आणि मग सेमिनरी हिल्सचा चढ. वर लूर्दमातेची, म्हणजे मरियामातेची, गुहा. फेब्रुवारीत नागपूरचं ऊन अजून माणसात असतं. नवसवाले अनवाणी, बाकी आम्ही चपलांवाल्या.

पुढे निळी पताका होती, मी शिवलेली. वारा आला की कापड ताणायचं आणि माझी नजर टिपेवर. दुहेरी टीप होती, उसवायचं कारणच नव्हतं. तरी बघायचीच.

"काय पाहून रायली वं? माळ जप ना," शेजारच्या मावशी म्हणाल्या. "देव काय झालर मोजते?"

"मोजतो की, मावशी!"

बायबलातल्या निर्गमाचा 26 वा अध्याय म्हणजे शिंप्याची मापवहीच. निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या तंबूचे, दहा पडदे, एकेक 28 हात लांब, 4 हात रुंद, जोडायला दोन कडांना 50-50 बिरडी, म्हणजे फासे. ते काम ज्याच्यावर सोपवलं त्या बसालेलला देवानं आत्म्यानं भरलं, ते कारागिरीसाठी. बायांनी बकऱ्याचे केस कातले, त्याचीही नोंद आहे. आमच्याकडे मात्र वरदान म्हटलं की गायन नाहीतर प्रवचन. मशीनवाल्या बाईला फक्त सणाच्या आधी फोन येतो.

आणि जिच्यामुळे ही लूर्दमाता आपल्याला ठाऊक झाली, ती बर्नादेत? 1858 मध्ये फ्रान्समधल्या लूर्दच्या गुहेपाशी मरियेचं दर्शन झालं तेव्हा चौदा वर्षांची, दम्यानं बेजार. पुढे तिथल्याच नव्हेर गावच्या मठात तिनं आजाऱ्यांची सेवा केली आणि वेदीवस्त्रांवर सुरेख भरतकाम केलं. दर्शनाची गोष्ट सगळ्यांना पाठ. सुईची कोणी सांगत नाही.

चढावर आमच्या गल्लीतली एक पोरगी सोबत आली. आरीकाम असं करते की बघत राहावं, पण सगळं नवरीच्या ब्लाउजांवर. तिला मत्तयाच्या शुभवर्तमानातला थैल्यांचा दाखला सांगितला. धन्यानं चाकरांना पैशांच्या थैल्या सोपवल्या, कुणाला पाच, कुणाला दोन, कुणाला एक. पाचवाल्यानं पाच वाढवल्या, दोनवाल्यानं दोन, आणि एकवाल्यानं धन्याच्या धाकानं थैली जमिनीत पुरली.

"मी कुठं पुरली? कमावते ना, काकू."

खरंच होतं. पोट भरणं म्हणजे पुरणं नव्हे, आणि चर्चनं फुकटात राबवून घ्यावं असंही माझं मत नाही. म्हणून सरळच विचारलं: ईस्टरला वेदीवस्त्र भरशील? कापड, जर माझ्याकडून. मेहनत तुझी, देवाला.

वरची मिस्सा, म्हणजे उपासना, संपेपर्यंत ती गप्प. मग म्हणाली, "वेदीची लांबी किती?"

टेप माझ्या पर्समध्ये असतेच.