तीन क्रेडिटसाठी सात आठवडे

नोकरीच्या मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या अकरा दिवसांत आटोपल्या. एम.एस्सी. सांख्यिकीच्या निकालात एका ऑनलाइन कोर्सचे तीन क्रेडिट (श्रेयांक) चढायला मात्र सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही.

एआयमधली नोकरी हवी, म्हणून तिसऱ्या सेमिस्टरला मी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी व्यासपीठावर) आयआयटी मद्रासच्या प्रा. रवींद्रन यांचा मशीन लर्निंगचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. तिथे असाइनमेंटला 25 आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला 75 गुण असतात. मला 71 मिळाले. हे क्रेडिट डिग्रीत धरले जातील असं कॉलेजनेच सांगितलं होतं.

चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला तो ‘राखीव’, म्हणजे अडकवून ठेवलेला. कंपनीचं पत्र हातात होतं, रुजू व्हायला पाच आठवडे होते आणि त्यांना अंतिम गुणपत्रक हवं होतं. कॉलेजमधले भाऊसाहेब म्हणाले, "आम्ही यादी पाठवलीय, तू विद्यापीठात बघ." विद्यापीठाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "तुझं नाव दिसत नाही, कॉलेजला विचार." एसटीने जाऊन-येऊन पाच तास. अशा चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाबा माझ्यासोबत जिन्यात बसून होते, त्यांनी त्यासाठी रजा टाकली होती.

चौथ्या खेपेला मी यादी डोळ्यांनी बघायला मागितली. एका ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादी आली होती! पण पीआरएनच्या (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाच्या) रकान्यात एनपीटीईएलचा रोल नंबर भरलेला, म्हणून आमच्या वर्गातल्या चौघांची नावं कुठेच जुळत नव्हती. एवढंसं कारण, आणि दीड महिना कोणी यादी उघडून पाहिली नव्हती. मग प्राचार्यांच्या सहीचं दुरुस्तीपत्र, प्रमाणपत्राची प्रत आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा क्रमांक) जोडून चौघांचा एकच अर्ज आवक विभागात दिला. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच नक्की घ्या. आधीचे माझे दोन अर्ज पोच न घेतल्यामुळे सापडलेच नाहीत. नऊ दिवसांनी माझा निकाल खुला झाला.

तिसऱ्या सेमिस्टरच्या गुणपत्रकात त्या विषयापुढची जागा रिकामीच होती, तेव्हाच विचारायला हवं होतं. तुम्ही असा कोर्स केला असेल तर आजच ते बघा.

कंपनीने वीस दिवसांची मुदत वाढवून दिली, कारण मी पहिल्याच आठवड्यात लेखी कळवलं होतं. निकाल राखीव आहे हे लपवू नका.

मुलाखतीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. तिथे माझा प्रोजेक्ट कामी आला. एसटीच्या सेवेवरच्या 1,200 मराठी प्रतिक्रिया गोळा करून मी हाताने चांगली, वाईट, तटस्थ अशी वर्गवारी केली होती. ‘वा, काय सेवा आहे!’ हे कौतुक की चीड, हे ठरवण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या. मग नवी प्रतिक्रिया कोणत्या वर्गातली हे ओळखायला पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट हे मराठीसाठीचं एआय मॉडेल त्यावर शिकवलं. पहिल्यांदा 93 टक्के अचूकता आली आणि मला शंका आली. त्याच प्रतिक्रिया पुन्हापुन्हा चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे शिकवणीत वापरलेलीच वाक्यं चाचणीतही आली होती. ती काढल्यावर आकडा 74 वर आला. मी दोन्ही आकडे रिझ्युमेवर लिहिले. तांत्रिक फेरीतला अर्धा तास त्यावरच गेला, आणि त्या 74 चा मला फार अभिमान आहे.

मॉडेल शिकवायला लागणाऱ्या जीपीयूसाठी (वेगवान गणिती चिपसाठी) पैसे लागले नाहीत. कॅगल या डेटा सायन्सच्या संकेतस्थळावर आठवड्याला साधारण 30 तास फुकट मिळतो, फक्त आधी फोन नंबरची पडताळणी करावी लागते.

आणि हो, एबीसी आयडीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि गुणपत्रकावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते तपासा. आमच्या चौघांपैकी एकीचं नाव जुळलं नाही. तिचा निकाल अजून राखीवच आहे, आणि सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.