कुठले जाधव?

फोनवर नाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न यायचा, "जाधव म्हणजे कुठले जाधव?" मी गाव सांगायचे. गावावर भागत नसे. "तसं नव्हे, तुमचं कुलदैवत कोणतं?" जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, भटक्या-विमुक्तांत आहेत, त्यामुळं नुसत्या आडनावावरून समोरच्याची खात्री पटत नाही. पीएच.डी.साठी आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यांच्या मुलाखती घेत मी सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पिंपरी-चिंचवड भागात हिंडले. जात ओलांडून संसार थाटलेल्या माणसांनीही तोंड उघडण्याआधी माझी जात चाचपून पाहिली. सुरुवातीला राग यायचा. मग एकीनं सरळच सांगितलं, "ताई, तुमच्यापुढं सासूबद्दल काय बोलायचं आणि काय गिळायचं, ते ठरवायला लागतं ना."

संशोधनपद्धतीच्या तासाला हे इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

विषय मंजूर व्हायला फारसा त्रास झाला नाही. समितीतल्या एका सरांनी "यात नवीन काय?" असं विचारलं. जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमावरच जात उभी आहे, ही मांडणी डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात १९१६ सालीच केली होती, त्यामुळं प्रश्न जुनाच होता. मी भारतीय मानव विकास सर्वेक्षणाचा आकडा पुढं केला. २०११-१२च्या फेरीत जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास विवाहित स्त्रियांनी सासर वेगळ्या जातीचं असल्याचं सांगितलं होतं. म्हटलं, त्या पाचांच्या घरात लग्नानंतर काय होतं, ते मला बघायचंय. सर गप्प बसले. (हा आकडाही पुढं मला तितकासा भरवशाचा वाटेना. "आमची जात एकच हो, पण आमच्यात बेटीव्यवहार नव्हता" असं म्हणणारी दोन जोडपी भेटली. सर्वेक्षणाच्या हो-नाहीच्या चौकटीत ती कुठं बसली असती, देव जाणे.)

खरी अडवणूक झाली ती नैतिकता समितीत. तिचा अर्ज वैद्यकीय संशोधनासाठी बनवलेला. रक्ताचा नमुना किती मिलिलिटर घेणार, असा एक रकाना होता. मी तिथं "लागू नाही" लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. पुन्हा भरला. मग संमतिपत्र आलं, नाव, पत्ता, सही आणि साक्षीदाराची सही. मी मुकाट्यानं पन्नास प्रती काढल्या आणि पहिल्याच घरी तोंडावर आपटले.

चिंचवडजवळचं दोन खोल्यांचं घर. चहा झाला, गप्पा रंगात आल्या, आणि मी कागद पुढं केला तसा नवरा मागं सरकला. "मॅडम, मागच्या वेळी सही केली होती, तेव्हा तो कागद बोर्डावर लागला."

त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली होती. १९५४च्या या कायद्यात दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते आणि तिथंही लागते. हिच्या बाबतीत ती तिच्या जिल्ह्यात गेली. तिकडं कुणीतरी वाचली आणि बाराव्या दिवशी मामा दारात उभा. म्हणूनच हिंदू विवाह कायद्यात बसणारी बरीच जोडपी आधी आळंदी गाठतात. तिथं कुणी आधी नोटीस मागत नाही, सकाळी जाऊन दुपारपर्यंत गळ्यात हार पडतात. नोंदणी सवडीनं.

तर या माणसाकडून मी सही कशी घेणार? परत समितीपुढं गेले. तोंडी संमती रेकॉर्डरवर घेऊ द्या, नाव न घेता, असं म्हटलं. "मग पुरावा काय?" असं मला विचारण्यात आलं. यात साडेचार महिने गेले. जे आता अशा विषयावर काम सुरू करतायत त्यांना माझं एवढंच सांगणं, की तोंडी संमती पहिल्याच अर्जात मागा आणि कारण तपशिलात लिहा. समितीतली माणसं दुष्ट नसतात, त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखाना असतो.

मुलाखती सुरू झाल्या आणि दुसरीच अडचण उभी राहिली. प्रत्येक जोडप्याजवळ एक तयार गोष्ट असते. कॉलेज, ओळख, घरी कळलं, मार खाल्ला, पळालो, नातवंड झाल्यावर सगळे आले. इतक्या वेळा सांगून सांगून ती गुळगुळीत झालेली असते आणि दोघं मिळून सांगतात, एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो. तीन महिने मी याच गोष्टी गोळा करत होते. गाईड मॅडमनी उतारे वाचले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर लग्न झालं. संसार कुठंय?"

मग मी प्रश्न बदलले. लग्नाचं विचारणंच सोडलं. सासूला काय म्हणता? पहिला सण कुठला होता? चटणी कुणाकडून येते?

पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ घरांत सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. मामाची मुलगी करायची रीत त्या शब्दांत मुरलेली आहे, कारण मामाच्या घरची मुलगी आणली की तिची सासू ही तिची आत्याच. इरावती कर्व्यांनी १९५३ सालच्या ग्रंथात महाराष्ट्राच्या या चालीबद्दल लिहिलंय, ते मी वाचलं होतं. वाचलं होतं म्हणजे परीक्षेपुरतं. एका बाईंनी सांगितलं, की त्यांच्या दोन्ही जावा "आत्या" म्हणायच्या आणि त्यांना मात्र पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं, "तू आपली आईच म्हण." त्यांना केवढं बरं वाटलं होतं. मैत्रिणींना फोन करून सांगितलं, की सासू मला लेक मानते. दोनेक वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं, नवी सून उंबरा ओलांडताच "आत्या" म्हणाली आणि तिला कुणी काही सुधारलं नाही. "तेव्हा कळलं," त्या म्हणाल्या, "आत्या नात्यातलीला म्हणता येतं. आई काय, कुणीही कुणाला म्हणतं."

दुसऱ्या एका घरी सून वाटण करायची, भांडी, झाडलोट, पाहुण्यांची ताटं, सगळं करायची. फक्त नैवेद्याच्या पुरणाला तिचा हात लागत नसे. मी विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? "सांगितलं नाही कुणीच. मी उठायच्या आत पुरण शिजलेलं असायचं." मी विचारलं, मग तुम्ही आणखी लवकर उठून पाहिलंत का? त्या हसल्या. "पाहिलं की. चारला उठले. सासूबाई तीनला उठल्या होत्या."

नवरा-बायकोच्या मुलाखती वेगळ्या घ्यायच्या, हे मला उशिरा सुचलं आणि त्यानं एक वेगळंच संकट आलं. बाहेरच्यापासून नाव लपवणं सोपं, घरातल्यापासून कसं लपवणार? पुरणाची गोष्ट नवऱ्याला ठाऊकच नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झालेली. मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा सहज विचारल्यासारखं म्हणाला, "काही तक्रार नाही ना केली तिनं?" मी छत्री शोधण्याचं सोंग केलं.

मला तज्ज्ञ समजून सल्ला विचारणारेही होते. पोराच्या जातीच्या दाखल्याचं काय, हा प्रश्न हमखास यायचा. मूल बापाच्या जातीचं, असं सर्रास धरलं जातं. पण आई अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि मूल तिच्याच समाजात वाढलं, तिचेच भोग त्याच्या वाट्याला आले, हे पुराव्यानं दाखवता येत असेल, तर नुसत्या बापाच्या जातीवरून दाखला नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली म्हटलंय. एवढं सांगून मी वकील गाठायला सांगायचे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी आलं, तेव्हा एका बापाचा मेसेज आला, "मॅडम, आता शेवटी आडनाव तेवढं उरलं."

एका तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला मला सहा-सात तास लागायचे. "कोरड्यास" म्हणणारी बाई शहरातल्या नणंदेचं बोलणं सांगताना "भाजी" म्हणायची, आणि हे दोन शब्द जसेच्या तसे उतरवणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटत होतं. मग नावं बदलायची वेळ आली. पुस्तकात लिहिलेलं असतं, नाव बदला, गाव बदला, झालं. मराठीत तेवढ्यानं काही झाकलं जात नाही. आडनाव काढलं तर कुलदैवत बोलतं. कुलदैवत काढलं तर कोरड्यास बोलतं. आणि जे जे काढावं ते ते जातीचं, म्हणजे माझ्या विषयाचंच. तालुक्याच्या गावात अमुक जातीची डॉक्टरीण आणि तमुक जातीचा शेतकरी नवरा, अशी किती जोडपी असणार? एकच. नाव काहीही ठेवा. काहींचे व्यवसाय बदलले, काहींना वेगळ्या जिल्ह्यात नेऊन ठेवलं, एकाच बाईच्या गोष्टी दोन नावांखाली विभागल्या. यातलं शेवटचं बरोबर केलं का, याबद्दल माझं मन अजून खातं. एक मुलाखत पूर्ण वगळली. ती सगळ्यांत चांगली होती.

टोपणनाव शक्यतो ज्याचं त्यानं निवडावं, असं मी ठरवलं होतं. बहुतेकांनी सिनेमातली नावं दिली. "आई" म्हणणाऱ्या त्या बाईंकडे उतारा वाचून दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. एका जागी म्हणाल्या, "इथं मी रडले असं लिहू नका, मला पडसं होतं." मी खोडलं. मग नावाचं विचारलं.

"माझं माहेरचं घाला."

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं त्यांचं नवं नाव लिहिलं होतं. आधार कार्डापासून बचत गटाच्या वहीपर्यंत सगळीकडे तेच. मी म्हटलं, अहो, ते तुमचं खरंच नाव आहे, ते नाही चालणार.

"बावीस वर्षांत एकानं हाक मारली नाही त्या नावानं. खरं कसलं?"

माहेरची माणसं ओळखतील, मी म्हटलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. माहेरी त्यांच्या नावानं पाणी सोडलेलं होतं, ते त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. वाचलं तर ओळखतील, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

प्रबंधात त्या 'सुमन' आहेत. ते नाव मी ठेवलं. त्या म्हणाल्या, "घाला कुठलंही," आणि चहा ठेवायला आत गेल्या.