जाहिरातीपासून पहिल्या बंदोबस्तापर्यंत : माझा अनुभव

मी मुंबई पोलीस दलात शिपाई आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये निघालेल्या ज्या जाहिरातीतून माझी निवड झाली, तिच्यात एकट्या मुंबईसाठी शिपायांची 7,076 आणि चालकांची 994 पदे होती. राज्यभरातील सुमारे 18 हजार पदांसाठी तेव्हा जवळपास 18 लाख अर्ज आले होते. पोलिसांचे मनुष्यबळ अपुरे आहे असे म्हटले की अनेकांना वाटते, या नोकरीकडे आता तरुण वळत नसतील. भांडुपला आमच्या वस्तीतल्या मैदानावर पहाटे धावणारी मुले पाहिली, तर हा समज क्षणभरही टिकणार नाही. पद रिकामे झाल्यापासून तिथे गणवेशातला माणूस उभा राहीपर्यंत जो काळ जातो, तोच खरा तुटवडा आहे, आणि तो मी उमेदवार म्हणून आतून पाहिला आहे.

भरतीचा क्रम त्याच वर्षी बदलला होता. 2019 च्या जाहिरातीची भरती कोरोनामुळे 2021 पर्यंत लांबली आणि तिच्यात लेखी परीक्षा आधी, मैदानी चाचणी नंतर असा क्रम होता. आमच्या वेळी मैदानी आधी आली. उमेदवाराच्या दृष्टीने हे मला योग्यच वाटले. मात्र त्याचा अर्थ असा की, लेखी परीक्षेने गाळणी लागण्याआधीच अर्ज केलेल्या सगळ्यांची उंची-छाती मोजायची, कागदपत्रे पाहायची आणि त्यांना धाववायचे. हे काम काही आठवड्यांत उरकणारे नव्हते.

माझी मैदानी कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या मैदानावर झाली. 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15, असे एकूण 50 गुण. धावण्याची वेळ चिपवर नोंदली जात असल्यामुळे घड्याळावरून वाद घालायला जागा नव्हती. 7 किलो 260 ग्रॅमचा गोळा पहाटेच्या गारव्यात इतका थंड असतो की बोटे आखडतात. आमच्या आधीच्या तुकडीतला एक मुलगा गोळा काखेत धरून ऊब देत होता, ते पाहून आम्हीही तेच केले. अंतराची नोंद घेणारे हवालदार रात्रपाळी करून थेट मैदानावर आले होते. ‘आमच्या पोलीस ठाण्यातून चौघांना भरतीच्या बंदोबस्ताला काढलंय, मागे राहिलेल्यांनी ठाणं कसं चालवायचं ते तूच सांग,’ असे ते शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाले. माणसे कमी आहेत म्हणून भरती करायची आणि ती भरती त्याच अपुऱ्या माणसांनी पार पाडायची, ही अडचण मला त्या वेळी पहिल्यांदा नीट कळली.

बाहेरगावाहून आलेल्या मुलांचे हाल मुंबईकर उमेदवाराला जाणवतही नाहीत. बीड-नांदेडकडून रात्रभर प्रवास करून आलेला मुलगा स्टेशनवर किंवा पदपथावर पाठ टेकतो आणि पहाटे त्याच अंगाने 1600 मीटर धावतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईने अशा दोघांना झोपायला जागा दिली होती. त्यांतला एक पुढे माझ्याच यादीत लागला.

मैदानीत निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा या प्रमाणात लेखीसाठी बोलावतात. 100 गुण, 90 मिनिटे, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. लेखी मे 2023 मध्ये झाली. त्यानंतर निवड यादी, कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. ही शेवटची पडताळणीही अखेर उमेदवाराच्या राहत्या भागातील पोलीस ठाण्याकडेच जाते, म्हणजे पुन्हा तेच हात.

माझे नाव यादीत होते आणि मी प्रशिक्षणाच्या आदेशाची वाट पाहत होतो, त्याच सुमारास, जुलै 2023 मध्ये, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडून मुंबई पोलिसांसाठी 3 हजार जवान तात्पुरते घेण्याचा निर्णय शासनाने घेतला. कंत्राटी पोलीस म्हणून त्यावर टीका झाली. निवड होऊनही घरी बसलेल्या माझ्यासारख्यांना त्या निर्णयाने वाईट वाटले, हे मी लपवणार नाही; परंतु निवड झालेला उमेदवार दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभा करता येत नाही हेही तितकेच खरे आहे. मूलभूत प्रशिक्षण नऊ महिन्यांचे असते, आणि एवढी मोठी भरती एका वेळी सामावून घेण्याइतकी जागा मुंबईतल्या मरोळच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नसल्यामुळे आमच्यातील अनेकांना मुंबईबाहेरच्या केंद्रांत पाठवले गेले. तिथे पाठ केलेली भारतीय दंड संहितेची कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने बदलली, त्यामुळे ठाण्यात रुजू झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसावे लागले.

आता मी पूर्व उपनगरातील एका पोलीस ठाण्यात आहे. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तोही रवींद्र पाटील नावाच्या एका शिपायाने मांडलेल्या कल्पनेतून, आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. या गोष्टीचा आम्हा शिपायांना मनापासून अभिमान आहे. पण आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावायला माणसे लागतात. गणेशोत्सवात साप्ताहिक सुट्या रद्द होतात, अनंत चतुर्दशीला तर विसर्जन संपेपर्यंत घड्याळ पाहण्यात अर्थ नसतो. त्यात घर बदलापूर किंवा विरारला असेल, तर ड्यूटीचे तास आणि लोकलचे तास वेगळे मोजावेच लागतात. गावाकडून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांचे डोळे जिल्हा बदलीकडे लागलेले आहेत, आणि मुंबईतल्या भाड्याचा आकडा पाहता मी त्यांना दोष देऊ शकत नाही. अशी बदली मिळाली की इथे पुन्हा एक पद रिकामे.

ऑगस्ट 2025 मध्ये मंत्रिमंडळाने राज्यात सुमारे 15 हजार पदांच्या भरतीला मंजुरी दिली. ती हवीच होती. तरीही माझे एक आग्रहाचे म्हणणे आहे : पोलीस वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याच्या निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्या दिवसापासून सेवापुस्तकात लिहिलेली असते. कोणत्या वर्षी किती जण जाणार हे आधी ठाऊक असताना दोन-तीन वर्षांच्या जागा साठवून एकदम मोठी जाहिरात काढण्याऐवजी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, प्रशिक्षण केंद्रांना झेपेल एवढीच भरती काढली, तर मैदानावरची गर्दी ओसरेल, ठाण्यांतून माणसे काढावी लागणार नाहीत आणि निवड झालेल्या मुलांना आदेशाची वाट पाहत घरी बसावे लागणार नाही. माझा आत्येभाऊ आता याच भरतीची तयारी करतो आहे. त्याला मी एवढेच सांगितले आहे की डोमिसाईल आणि नॉन क्रीमिलेअरची कागदपत्रे जाहिरातीतल्या तारखांशी आधीच ताडून घे, मैदानी झाली म्हणून धावणे सोडू नकोस, आणि हातातली नोकरी प्रशिक्षणाचा आदेश मिळेपर्यंत सोडू नकोस.