प्रभातच्या वाटेनं, पण उलटं

जुन्या मराठी सिनेमांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'संस्कार' हा शब्द काढतोच. तेव्हाचे सिनेमे कसे सोज्वळ, घरातल्या सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बघावेत असे, वगैरे. मला हे कधीच पटलेलं नाही. 'कुंकू' सोज्वळ आहे? म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही, आणि सावत्र मुलगा अंगचटीला आला तर त्याला छडीनं फोडून काढते. १९३७ साली! आजची मालिका एवढं धाडस करणार नाही. मी हे सिनेमे बघतो ते त्यातल्या हातांसाठी. सेट कुणी बांधला, पडदा कुणी रंगवला, कॅमेरा कुठं ठेवला, याच्यासाठी. आणि हे हात शोधायचे तर कोल्हापूरला जायला हवं.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला आली. मी पुण्यातून निघालो, म्हणजे त्यांच्या वाटेनं उलटा.

सुरुवात अर्थातच लॉ कॉलेज रोडवर. जिथं आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच प्रभातची जागा. प्रभात १९५० च्या दशकात बंद पडली आणि १९६० साली इथं इन्स्टिट्यूट सुरू झाली. आत जायचं तर आधी विचारून ठेवावं लागतं, तेवढं केलं होतं. प्रभातच्या संग्रहालयात जुनी यंत्रं, पोस्टर, फोटो असं बरंच काही आहे, पण माझे पाय खरे अडले ते मोठ्या स्टुडिओच्या दाराशी. 'संत तुकाराम'मधलं देहू या आवारात उभं राहिलं होतं. इंद्रायणीत बुडवलेली गाथा परत येते, गरुडाच्या विमानातून तुकोबा वैकुंठाला निघतात, हे सगळं सुतार, रंगारी आणि कॅमेरावाल्यांनी मिळून घडवलं. चमत्कार दाखवायचा म्हणजे आधी फळ्या तासाव्या लागतात.

'तुकाराम'बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझ्या मते मराठीत त्याच्या तोडीचा सिनेमा पुन्हा झालेला नाही. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. विष्णुपंत पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करायचे, भजनं गायचे. त्यांचा तुकाराम गातो तेव्हा तो अभिनय करतोय असं वाटतच नाही. पण मला जास्त आवडते ती तुकोबांची बायको आवली, म्हणजे ते काम करणारी गौरी. ती रागावते, शिव्या घालते, म्हशीची उस्तवार करते, विठोबाला नावं ठेवते, आणि तरी नवऱ्याच्या पोटाची काळजी तिलाच. देव कुणाला भेटतो आणि भाकरी कोण थापतं, ही सगळी कहाणी तिच्या चेहऱ्यावर आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला, मुंबईत तो वर्षाहून अधिक चालला. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं, पण लोक ते तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोधत बसले. गीतकाराला याहून मोठं बक्षीस काय द्यायचं!

'कुंकू'ही प्रभातचाच. त्यात पार्श्वसंगीत नाही. भांड्यांचे, दाराचे, घड्याळाचे आवाज, बस्स. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हे ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्यांदा लक्षात आलं आणि मग त्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक डोक्यातून जाईना. केशवराव दाते त्या म्हाताऱ्याला खलनायक होऊ देत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. नीरा झालेली शांता आपटे मात्र मला कधीकधी जरा जास्तच ताठ वाटते. हे पुण्यात मोठ्यानं बोलू नये.

निघण्याआधी मंडईत वाकडी वाट केली. तिथं आर्यन थिएटर होतं, आता त्या जागी दुचाक्या लावायचं वाहनतळ आहे आणि लोक अजून त्याला आर्यनच म्हणतात. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० साली इथं लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा उतरला होता की बघणारे हादरले. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच सिनेमासाठी. त्या मजल्यावर मी स्कूटर लावायला जागा शोधत फिरत होतो. भीमानं कीचकाला जिथं लोळवलं तिथं आता दहा रुपयांच्या सुट्ट्यांवरून भांडणं चालतात.

पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. एसटीनं गेलो. साताऱ्याच्या पुढं शेजारच्या काकांनी मोबाइलवर लावणी लावली, 'बुगडी माझी सांडली गं'. हे मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटेल, पण कऱ्हाडच्या बाजूला जुनी गाणी मोठ्यानं ऐकणारा एखादा तरी गाडीत असतोच. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. आमच्या आत्याला तिच्या आईनं तो बघायला नेलं नव्हतं, 'तमाशाचा सिनेमा' म्हणून. पुढं शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा, तेव्हा तिनं तो आमच्या घरी बसून पाहिला. चहा गार झाला तरी उठली नाही. मध्येच म्हणाली, 'यात काय वाईट होतं रे?' हंसा वाडकरांचं काम बघताना मला आजही आत्या आठवते. तमाशापटांचा जो पूर पुढं आला त्यातले बरेचसे मला कंटाळवाणे वाटतात, पण या एका सिनेमासाठी दिग्दर्शक अनंत मान्यांना सगळं माफ.

कोल्हापुरात उतरल्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, 'सिनेमाचा कॅमेरा आहे तिथं न्या.'

'खरी कॉर्नर म्हणा की सरळ. बसा.'

मग आरशात बघून, 'शूटिंगवाले हाय काय?'

नाही म्हटलं तर जरा हिरमुसला.

खरी कॉर्नरला खांबावर कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ही आठवण. आजूबाजूला दुकानं, रहदारी, वर बघायला कुणाला वेळ नाही. बाबूराव मेस्त्री, लोकांचे बाबूराव पेंटर, १८९० सालचे. शाळा बेताचीच. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत रंगवत सिनेमाकडं आले. परदेशी कॅमेरा परवडेना, तर तो इथंच बनवला. जोडीदार आनंदराव पेंटर अर्ध्यात गेले, दादा मिस्त्रींच्या मदतीनं बाबूरावांनी काम तडीस नेलं. पैशाला आधार दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. म्हणजे बघा, पडदे रंगवणारा चित्रकार, यंत्र जुळवणारा मिस्त्री आणि गाणारी बाई, एवढ्या भांडवलावर कोल्हापूरचा सिनेमा उभा राहिला. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे सगळे याच कारखान्यात हाताखाली शिकले. त्यांनी बाहेर पडून प्रभात काढली, सोबत सीतारामपंत कुलकर्णी होते. गुरूला मागं सोडून शिष्य पुढं गेले हे खरं, पण चौकटीत माणूस कुठं उभा करायचा हे गुरूनंच शिकवलेलं.

बाबूरावांचा 'सावकारी पाश' १९२५ चा. देव-दानव आणि राजे-महाराजे सोडून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणायचा, तोही मूकपटाच्या काळात, हे त्या वेळी किती वेगळं होतं याचा अंदाज आज येत नाही. त्यात तरुण शेतकरी झालेले शांतारामबापू. पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. तिथून जाताना मी रिक्षावाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'म्हाईत हाय.' बरं.

केशवराव भोसले नाट्यगृह रस्त्यातच. शाहू महाराजांनी बांधलेलं हे पॅलेस थिएटर २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत गेलं. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. नाटक आणि कुस्ती महाराजांनी एका भिंतीला लावून ठेवली, यावर वेगळं लिहावं लागेल, आत्ता नको.

जयप्रभा स्टुडिओ मंगळवार पेठेत. मी बाहेरूनच पाहिला. भिंत, झाडं, आत काय उरलंय ते रस्त्यावरून कळत नाही. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांची ही कर्मभूमी. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत हा स्टुडिओ जळाला, 'मीठ भाकर' हा सिनेमा जळाला, आणि भालजींनी तो सिनेमा पुन्हा काढला. पुढं स्टुडिओ लता मंगेशकरांकडं गेला. काही वर्षांपूर्वी त्याच्या विक्रीवरून शहरात मोठं आंदोलन झालं, भिंतीवर त्याच्या खुणा आहेत का ते मी शोधलं. दिसल्या नाहीत.

भालजींच्या ऐतिहासिक सिनेमांतलं संवादांचं ओझं मला जड जातं. प्रत्येक मावळा सभेत भाषण करतोय असं वाटतं. पण 'साधी माणसं' (१९६५) हा वेगळा सिनेमा. लोहार नवरा-बायको, सूर्यकांत आणि जयश्री गडकर, भाता, ऐरण, ठिणग्या. 'ऐरणीच्या देवा तुला' ज्यांना पाठ नाही असा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. संगीतकार 'आनंदघन' म्हणजे लताबाई, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक नव्हतं. मला त्या गाण्यात आवाजाइतकाच हातोडा ऐकू येतो, ठेका त्यावरच बसवलाय. भालजींनी घामाचं काम दाखवलं की त्यांची भाषणं आपोआप गळून पडतात.

दुपारी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय. पर्यटक इथं फारसे फिरकत नसावेत, मी होतो तोवर आत मी एकटाच. 'छत्रपती शिवाजी' (१९५२) मध्ये शिवाजी महाराज झालेले चंद्रकांत, मराठी 'रामराज्य'मधले राम. मुळात ते चित्रकार. इथं त्यांची निसर्गचित्रं आहेत, जलरंगातली, आणि पावडर शेडिंगची. रंगाची कोरडी पूड कागदावर बोटानं, कापसानं घासत घासत छटा चढवायची. जवळ गेल्यावर ढगांच्या कडेला बोटाचा दाब दिसतो. पन्हाळ्यावरचं धुकं आणि पडद्यावरचं धुकं यांच्यात मला फरक करता येईना. ज्याला नट म्हणून आयुष्यभर ओळखत आलो त्याचे हात असे भिंतीवर टांगलेले बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी खानावळीत तांबडा-पांढरा येईपर्यंत समोरच्या आजोबांशी गप्पा झाल्या. संग्रहालयातून आलो म्हटल्यावर ते एकदम सरसावले.

'चंद्रकांत देखणा. पण गडी म्हणशील तर सूर्यकांत.'

मी म्हटलं, 'पण चित्रं चंद्रकांतांची बघितलीत का?'

'चित्रं काढून काय हुतंय? घोड्यावर बस म्हणावं.'

'तेही बसायचेच की, आजोबा.'

'बसायचा. पण सूर्यकांत बसला की घोड्याला कळायचं.'

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. रस्सा आला, त्यांनी माझ्या वाटीत पांढरा जास्त ओतायला सांगितलं आणि विषय भालजींच्या घोड्यांवरून जयश्री गडकरवर गेला. ती 'साधी माणसं'त जास्त चांगली की 'सांगत्ये ऐका'त, यावर आमचं काही जमलं नाही. ते 'सांगत्ये ऐका'च म्हणत राहिले, आणि शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी, न विचारता, त्यांचीच बाजू घेतली.