भंडाऱ्याचा पिवळा

‘आम्ही एडिट करत नाही, कॅमेऱ्यातून आला तसाच फोटो टाकतो,’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना एकदा सोमवती अमावास्येला जेजुरीला धाडावं. पालखी कऱ्हेकडे निघते, भंडारा उधळला जातो आणि फ्रेमभर नुसतं पिवळं. उजेडाच्या रंगाची छटा आपोआप काढून टाकणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, हा उजेडाचाच दोष. तो मुकाट्याने निळ्याकडे झुकतो. हळद मळकट होते, चेहरे राखाडी. ‘आला तसा’ म्हणायचा तो हाच.

मुळात सेन्सरचा एकेक पिक्सेल एकच रंग मोजतो. निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे. कोडॅकच्या ब्राइस बेयरला १९७६ साली पेटंट मिळालेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातून निघणारी तयार फाइल, हाती येईपर्यंत कॅमेऱ्याने रंग भरलेले असतात, कॉन्ट्रास्ट चढवलेला असतो, नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, पुसलेला असतो. एडिटिंग झालेलंच असतं, फक्त कंपनीच्या इंजिनिअरच्या पसंतीने. २०१५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने फ्रीलान्स छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरून, तयार केलेले फोटो नकोत, मूळ जेपेगच पाठवा. बातमीच्या धंद्यात ते रास्तच. पण म्हणून जेपेग सोवळं ठरत नाही.

भंडारा टिपायचा तर रॉ बरं. १४ बिटच्या रॉमध्ये दर रंगाला १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवावा, रॉमध्ये तो नंतरही बदलता येतो, पण निदान मागच्या पडद्यावर फसगत होत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावावा. एकत्र आलेख साळसूद दिसतो आणि तिकडे लाल चॅनेल उजव्या भिंतीला, म्हणजे उजळपणाच्या कमाल मर्यादेला, जाऊन टेकलेला असतो. टेकला की हवेतला धुरळा, मुठीतून सुटलेली रेघ, अंगरख्यावरचे दाणे, सगळ्याचा मिळून एक सपाट पिवळा डाग. तो तपशील कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत येत नाही. भर उन्हात एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवलेलं बरं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

घरी आल्यावर पहिलं काम व्हाइट बॅलन्स. ‘पांढरं कुठलं’ ते सॉफ्टवेअरला दाखवायचा ड्रॉपर कुणाच्या पांढऱ्या धोतरावर टेकवू नये, त्यावरही हळद असतेच! डेलाइटपासून सुरुवात करून नजरेनेच जुळवावा. मग एक्स्पोजर, मग हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, थोडे खाली. शॅडो जपून, फार उचलल्या की काळोखातला नॉइज ठिपक्याठिपक्यांनी वर येतो. धुकं हटवणाऱ्या डीहेझचा मोह तर टाळावाच. उधळलेल्या भंडाऱ्यालाच तो धुकं समजतो आणि पुसायला घेतो. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, हात लावू नये, पिवळा आधीच काठावर असतो. शार्पनिंग शेवटी, फोटोचा आकार ठरल्यावर. फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगपट्ट्यात काढावी. त्याहून रुंद अडोबी आरजीबीत काढली तर काही ॲपमध्ये भंडारा फिका पडतो.

अर्थात, त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर दोनशे फोटो टाकायचे असतील तर रॉच्या भानगडीत पडूच नये. जेपेगवर डेलाइट आणि ते दोन-तृतीयांश स्टॉप, एवढ्यावर भागतं.